कागद कुणी काढला, कुठल्या कलमाखाली? सीमाभागातल्या मराठी माणसाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात घरी सरकारी कागद आला की पहिली धावपळ होते ती कन्नड वाचणारा शोधायची. वाचून झालं की माणसं एकतर गप्प बसतात, नाहीतर पुढाऱ्याला फोन लावतात. सही करणाऱ्याला तो कागद काढायचा अधिकार होता का, हे विचारायचं राहूनच जातं. खालचे प्रश्न त्याबद्दल आहेत. ज्याच्या हातात खरोखर नोटीस आहे त्यानं वकिलाकडे जावंच. हे वाचून गेलात तर वकिलाला काय विचारायचं, एवढं तरी कळेल.

प्रशासकीय कायदा म्हणजे नेमका कुठला कायदा?

त्या नावाची जाडजूड पुस्तकं मिळतात, पण त्या नावाचा कायदा संसदेनं किंवा विधानसभेनं केलेला नाही. राज्यघटनेतली कलम १४, १९, २१, २२६ सारखी कलमं, प्रत्येक खात्याचे आपापले कायदे आणि गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांतले कोर्टांचे निकाल मिळून तो तयार झाला आहे. घराचा आराखडा नामंजूर झाला, रेशनकार्डावरून नाव उडालं, दुकानाला टाळं लागलं, उताऱ्यावर दुसऱ्याचंच नाव चढलं, सभेला परवानगी नाकारली, ही सगळी त्यातली प्रकरणं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अधिकाराची हद्द कुठं संपते, एवढाच त्याचा विषय.

कायदा, नियम, अधिसूचना, परिपत्रक, आदेश: यातलं आम्हाला काय बांधतं?

कायदा विधानसभा किंवा संसद करते. त्या कायद्यानं दिलेल्या अधिकारात सरकार नियम करतं आणि ते राजपत्रात अधिसूचना काढून प्रसिद्ध करतं. परिपत्रक म्हणजे वरच्या साहेबानं खालच्या साहेबाला दिलेली सूचना. नियमात जिथं काहीच म्हटलेलं नाही तिथं परिपत्रकानं जागा भरता येते, पण नियमाच्या विरुद्ध जाता येत नाही. संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्येच हे सांगितलं. आपल्याकडची ऑफिसं मात्र चालतात ती परिपत्रकांवर. ‘वरून सर्क्युलर आलंय’ हे वाक्य ऐकलं की माणूस खिडकीवरून मागे फिरतो. फिरू नका. त्याचा क्रमांक, तारीख आणि ते कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे, हे विचारा.

प्रसिद्धीचा मुद्दाही जुनाच. जयपूर संस्थानात मंत्रिमंडळानं अफूचा एक कायदा केला, पण तो कधी जाहीरच केला नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला शिक्षा झाली. जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्यासाठी शिक्षा करता येणार नाही, असं म्हणून सुप्रीम कोर्टानं १९५१ मध्ये ती रद्द केली. पुढं १९८७ मध्ये बी. के. श्रीनिवासन विरुद्ध कर्नाटक या बंगळूरच्या विकास आराखड्याच्या खटल्यात तेच तत्त्व नियमांना आणि अधिसूचनांनाही लावलं गेलं: प्रसिद्ध झाल्याशिवाय अंमल नाही.

सरकारी आदेशानं किती मोठं काम करता येतं आणि कुठं अडतं, याचा मासलाही कर्नाटकातच सापडतो. मार्च २०१६ मध्ये एका सरकारी आदेशानं राज्यात भ्रष्टाचार प्रतिबंधक विभाग उभा राहिला आणि लोकायुक्तांच्या पोलिसांचे अधिकार त्याच्याकडे गेले. लोकायुक्त विधानसभेनं १९८४ मध्ये केलेल्या कायद्यानं आलेले, तर हा विभाग आदेशानं आलेला. ऑगस्ट २०२२ मध्ये हायकोर्टानं तो विभागच रद्द केला.

दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, हा नियम आला कुठून? उरलेल्या जागेत मराठी चालते का?

कन्नड भाषा समग्र विकास कायदा २०२२ चा. पाटीच्या वरच्या भागात ६० टक्के कन्नड ही अट २०२४ च्या दुरुस्तीनं आली. त्या दुरुस्तीचा प्रवास बघण्यासारखा आहे. बंगळूर महापालिकेनं दुकानदारांना सांगायला सुरुवात केली ती डिसेंबर २०२३ मध्ये आणि २८ फेब्रुवारीची मुदत दिली. सरकारनं वटहुकूम काढायचं ठरवलं ते त्यानंतर, जानेवारीत. विधानसभेचं अधिवेशन तोंडावर असताना वटहुकूम कशाला, म्हणून राज्यपालांनी तो परत पाठवला. मग फेब्रुवारीत रीतसर विधेयक मंजूर झालं. म्हणजे फर्मान आधी सुटलं आणि त्याचा कायदा मागून आला. दंडाची नोटीस आली तर तिची तारीख तपासा म्हणतात ते यासाठी.

उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी चालते. कायदा कन्नड किती हवं ते सांगतो, दुसरी भाषा पुसायला सांगत नाही. ‘मराठी काढूनच टाका’ असं तोंडी सांगणारा भेटला तर ते लेखी मागा आणि कलम मागा. आणि सांगणारा सरकारी माणूस नसून कुठल्या संघटनेचा असेल, तर त्याला पाटीला हात लावायचा कसलाच अधिकार नाही. तो सरळ पोलीस तक्रारीचा विषय आहे.

एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल इथं ध्यानात ठेवावा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू होती आणि ती काढा म्हणून दावा होता. राजभाषेचा कायदा राजभाषा लिहायला सांगतो, सोबत दुसरी भाषा लिहू नका असं म्हणत नाही, असं सांगून कोर्टानं उर्दू राहू दिली. तो निकाल महाराष्ट्राच्या कायद्यावरचा आहे, त्यामुळं बेळगावला तो जसाच्या तसा लागू होईल असं समजू नये. पण वकिलाच्या हातात तो असावा.

एक टोचणारी गोष्टही सांगायला हवी. महाराष्ट्रानंही २०२२ मध्ये दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा आपल्याकडं पेढे वाटल्यासारखा आनंद होता. राज्याला पाटीची भाषा ठरवायचा अधिकार आहे, हे मुंबईत कबूल करून बेळगावात नाकारता येणार नाही. अधिकार किती, कसा आणि कुणी वापरला, यावरच भांडता येईल, आणि तिथं भांडायला भरपूर जागा आहे.

नोटीस न देता कारवाई करता येते का?

सहसा नाही. ज्याच्यावर आदेशाचा परिणाम होणार त्याचं म्हणणं आधी ऐकायचं आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही, ही दोन सूत्रं म्हणजे नैसर्गिक न्याय. पूर्वी सरकार म्हणायचं की हे कोर्टाला लागू आहे, आम्ही तर फक्त प्रशासन करतो. ए. के. क्रैपक खटल्यात १९६९ मध्ये तो बचाव कोसळला. जम्मू-काश्मीरमध्ये वनसेवेच्या निवड समितीवर जो अधिकारी बसला होता, तो स्वतःच उमेदवार होता! निवड अर्थातच रद्द झाली. मनेका गांधी खटल्यानंतर (१९७८) तर पासपोर्ट जप्त करतानासुद्धा माणसाला ऐकून घ्यावं लागतं, हे पक्कं झालं.

पाडापाडीबद्दल १३ नोव्हेंबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश फार तपशिलात आहे: किमान १५ दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं आणि घरावर चिकटवून, त्यानंतर प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह लेखी आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-तलाव यांवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, आणि कोर्टानंच पाडायला सांगितलं असेल तिथंही नाही. आपल्या पेठेतल्या बऱ्याच भांडणांचा गाभा इथंच असतो, कारण पायरी घराची की गटारावरची, हे कागदावर कधी स्पष्टच नसतं. सिटी सर्व्हेचा नकाशा घरात असू द्या.

रस्त्यासाठी जागा घ्यायची तर संपादन करावं लागतं, रुंदीकरण म्हणून फीत धरून चालत नाही. घटनेचं कलम ३०० अ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. शहापूरच्या बँक ऑफ इंडियापासून जुन्या पी. बी. रोडकडे जाणारा रस्ता बेळगावकरांनी बघितला आहे. जागेचं रीतसर संपादन न करता तो झाला, मालक हायकोर्टात गेला, भरपाईचा आकडा कोट्यवधींत निघाला आणि २०२४ मध्ये जागा परत द्यायची वेळ आली. खर्च कुणाच्या खिशातून गेला, हे वेगळं सांगायला नको.

निवडून आलेली महापालिकाच सरकारनं बरखास्त केली तर?

२००५ मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी कर्नाटक सरकारनं सभागृह बरखास्त केलं. त्यामागचं राजकारण सगळ्यांना तोंडपाठ आहे. कायद्याचा प्रश्न असा: ज्या संस्थेला लोकांनी निवडून दिलं तिला घरी पाठवताना तिचं म्हणणं ऐकायला हवं की नको? नवी दिल्लीच्या नगरपालिकेबाबत एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या खटल्यात १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवं. ‘ऐकलं असतं तरी निकाल तोच लागला असता’ हा बचाव चालत नाही. न ऐकणं हेच नुकसान. महापालिकेचा ठराव निलंबित करायचा अधिकार राज्य सरकारला महापालिका कायद्यात आहेच. ठराव थांबवणं आणि सभागृह मोडणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भाषणांत त्या नेहमी एकत्र कालवल्या जातात.

आदेशात कारणच लिहिलेलं नाही. मग?

मग तुमची बाजू भक्कम आहे. आदेशात जी कारणं लिहिली, त्यांवरच तो टिकतो किंवा पडतो. कोर्टात गेल्यावर शपथपत्रातून नवी कारणं जोडता येत नाहीत. मोहिंदरसिंग गिल खटल्यातला (१९७८) हा नियम रोज कुठल्या ना कुठल्या हायकोर्टात वापरला जातो. ‘अर्ज फेटाळला’ एवढ्या दोन शब्दांचा आदेश हातात पडला तर तो फाडू नका.

मराठीत अर्ज दिला तर घ्यावा लागतो का?

तक्रारअर्ज असेल तर हो. घटनेचं कलम ३५० म्हणतं की कुठल्याही गाऱ्हाण्याचं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याला, देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. बेळगावात मराठी वापरली जात नाही असं म्हणायला फार धाडस लागेल. पण उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं याबद्दल ते कलम गप्प आहे, आणि कर्नाटकची राजभाषा १९६३ च्या कायद्यानं कन्नड आहे. म्हणजे अर्ज मराठीत, उत्तर कन्नडमध्ये, हा आपला नेहमीचा अनुभव बेकायदा नाही.

माहिती अधिकाराचं वेगळं आहे. त्या कायद्याच्या कलम ६ मध्ये अर्जाच्या भाषा नेमून दिल्या आहेत: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा. मराठीत अर्ज केला तर तो परत येऊ शकतो. हिंदीत लिहा, लिपी तीच, त्रास कमी. शिवाय कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. कोल्हापूरच्या मित्रानं पाठवलेला चार पानी नमुना इथं चालत नाही.

सरकारी नोटिसा मराठीत मिळण्याचा मुद्दा भाषिक अल्पसंख्याकांच्या योजनेतला. एखाद्या भागात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील तर तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं ठरलेलं आहे. त्यावर नजर ठेवायला कलम ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतात आणि त्यांचं विभागीय कार्यालय एके काळी बेळगावातच होतं. आयुक्त अहवाल राष्ट्रपतींना देतात, तो संसदेपुढे जातो. आदेश मात्र त्यांना देता येत नाही. सीमाभागातल्या निवेदनांचे गठ्ठे वर्षानुवर्षं या एका फटीतून खाली पडत आले आहेत. माझं मत विचाराल तर १५ टक्क्यांची गोष्ट नुसत्या निवेदनात न मांडता, मराठीत सूचना न काढल्यामुळं अमुक माणसाची हरकतीची मुदत बुडाली, अशा एका ठोस प्रकरणाला जोडून कोर्टापुढं ठेवायला हवी.

आणि शाळा?

कलम ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्याला सांगतं. राज्यानं माध्यम लादू नये, हे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. पण तो निकाल मराठी शाळांपेक्षा इंग्रजी शाळांना जास्त उपयोगी पडला, हे खानापूरच्या कुठल्याही गावातल्या पटसंख्येवरून कळतं.

१ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला किंवा बेळगावातल्या अधिवेशनावेळच्या मराठी महामेळाव्याला जमावबंदी लावतात. ती आव्हान देण्यासारखी असते का?

पुष्कळदा असते, पण वेळ नसतो. आदेश संध्याकाळी, मेळावा सकाळी.

जुन्या फौजदारी संहितेचं कलम १४४ आता नाही; १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आलं. लोक आणि पोलीसही अजून ‘१४४ लागलं’ असंच म्हणतात. आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकारला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. काश्मीरच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध करावे लागतात, त्यात वस्तुस्थिती लिहावी लागते, बंदी गरजेपुरतीच हवी आणि पुन्हा पुन्हा तोच आदेश काढून लोकांचं म्हणणं दाबता येत नाही. आपल्याला त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे आपलंच हायकोर्ट. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्याविरोधातल्या निदर्शनांवेळी बंगळूर पोलीस आयुक्तांनी काढलेला १४४ चा आदेश त्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदा ठरवला.

म्हणजे निकाल लागला तेव्हा निदर्शनांचा दिवस उलटून दोन महिने झाले होते. तरीही अशा निकालाचा पुढच्या वेळी उपयोग होतो. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या सीमा समन्वय मंत्र्यांना बेळगावात यायला जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी केली. तेव्हा दोन्हीकडं टीव्हीवर प्रचंड आरडाओरडा झाला, पण त्या आदेशात कारणं कुठली लिहिली होती, यावर चर्चा ऐकू आली नाही. दरवर्षी येणारी बंदी असेल तर परवानगीचा अर्ज महिनाभर आधी द्यावा. नकार आला की मुदतीत कोर्टात जाता येतं. नकार दिलाच नाही, नुसता अर्ज दाबून ठेवला, तर तेही कोर्टाला दाखवता येतं.

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचा नियम आहे ना? मग मिळत का नाहीत?

आहे. केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, आणि थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल करायची सोय. कागदावर याहून कडक नियम शोधून सापडणार नाही. पण व्याज मागणारा शेतकरी विरळा, कारण पुढच्या हंगामात तोडीची टोळी पाठवायची की नाही हे त्याच कारखान्याच्या हातात. वजनात काटामारी होते म्हणून वैधमापन खात्याकडे तक्रार करणाराही आपला ट्रॅक्टर यार्डात किती तास उभा राहील याचा हिशेब आधी मांडतो. नियम आहे, अधिकारी आहे, दंड आहे. नियम वापरणाऱ्याचं पोट मात्र ज्याच्याविरुद्ध तो वापरायचा त्याच्याच हातात आहे.

दर ठरवायचा अधिकार कुणाचा, यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यात गुर्लापूरला शेतकरी रस्त्यावर बसले होते. मागणी टनाला ३,५०० रुपयांची. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, केंद्र ठरवतं; २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. साखरेची किमान विक्री किंमतही केंद्रच ठरवतं. २०१९ मध्ये ती किलोला ३१ रुपये केली. कारखानदार त्या ३१ कडे बोट दाखवतो, शेतकरी ३५५ कडे, राज्य सरकार दिल्लीकडे. शेवटी तोडगा ३,३०० वर निघाला, तो राज्य सरकारनं बोलावलेल्या बैठकीत. एफआरपी ठरवायचा अधिकार ज्याला नाही त्यानं मध्यस्थी करून दर ठरवला आणि ज्याला आहे तो समोर आलाच नाही.

सीमेवरच्या उसाला आणखी एक गाठ आहे. आपला ऊस कोल्हापूर जिल्ह्यात जातो, कधी तिकडचा इकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदीची अधिसूचना काढली. शेतकरी संघटना उठल्या आणि ती काही दिवसांत मागं घ्यावी लागली. दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर हवं हा केंद्राचा नियम, महाराष्ट्रानं ते २५ केलं. ही अंतराची अट काढून टाका, असं रंगराजन समितीनं २०१२ मध्येच सुचवलं होतं. कारखानदारांच्या संघांना सरकारी नियंत्रणाचा जाच होतो, पण या एका नियंत्रणाविरुद्ध त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही!

निपाणीच्या तंबाखूवर नियम जास्त झाले म्हणतात, ते खरं का?

कुणाच्या बाजूनं बघता त्यावर आहे. १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर होता. शेतकऱ्याच्या घरातल्या मालाची नोंद होई, परवान्याशिवाय तो हलवता येत नसे. इन्स्पेक्टरचा धाक निपाणीतल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. कर गेला, नोंद गेली, परवाना गेला. दोन वर्षांत, १९८१ मध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मागणी दराची होती. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी मारले गेले. सरकारचा इन्स्पेक्टर घरातून गेल्यानं व्यापाऱ्याच्या अडत्यापुढं शेतकऱ्याची ताकद वाढली नव्हती.

व्हर्जिनिया तंबाखूला १९७५ च्या कायद्यानं तंबाखू मंडळ मिळालं. म्हैसूरकडं हुणसूर, पिरियापट्टणला मंडळाच्या फडावर लिलाव होतो. निपाणीच्या विडी तंबाखूला तसा लिलाव नाही. एकाच राज्यात एका पिकाला सरकारी बाजार, दुसऱ्याला खासगी वखार.

आता पाकिटावरच्या चित्राचं. केंद्रानं २०१४ मध्ये नियम बदलून इशाऱ्याची जागा दोन्ही बाजूंना ८५ टक्के केली. अंमल १ एप्रिल २०१६ पासून. विडी-सिगारेट कंपन्या देशभर कोर्टात गेल्या. सुप्रीम कोर्टानं सगळे खटले कर्नाटक हायकोर्टाकडं पाठवले. हायकोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये नियम रद्द केला. सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०१८ रोजी त्या निकालालाच स्थगिती दिली आणि चित्र कायम राहिलं. ८५ हा आकडा ठरवायचा कुणी, आरोग्य खात्यानं, संसदेनं की न्यायाधीशांनी, या वादाचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आकडा तज्ज्ञांनी ठरवावा आणि कोर्टानं त्यात आपला आकडा घालू नये, असं मला वाटतं. पण आकड्यामागचा अभ्यास आणि हरकतींचा कागद सरकारला दाखवता आला पाहिजे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला त्या हरकतींच्या मुदतीची नोटीस कधी दिसली असेल का, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या वकिलांपैकी कुणाच्या कामाचा नव्हता.

सकाल म्हणजे काय? त्याचा खरंच उपयोग होतो?

कर्नाटकचा २०११ चा सेवा हमी कायदा, २०१२ पासून लागू. दाखला, नोंद, परवाना यांना दिवस ठरवून दिलेत. अर्ज घेताना सकालचा क्रमांक मिळायला हवा. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई, आणि ती जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून. रक्कम फुटकळ आहे. खरा उपयोग क्रमांकाचा, कारण ‘तुमचा अर्ज आलाच नाही’ हे उत्तर मग देता येत नाही. नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, क्रमांक न देता अर्ज ठेवून घेत असतील तर तो देऊ नका.

महाराष्ट्र सरकार ८६५ गावांना आरोग्य योजना देतं. दुसऱ्या राज्याच्या हद्दीत हे चालतं का?

महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना दावा केलेल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकनं आक्षेप घेतला. घटनेचं कलम २८२ राज्याला कुठल्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान द्यायची मोकळीक देतं, त्या विषयावर कायदा करायचा अधिकार नसला तरी. पैसे देता येतात. दुसऱ्या राज्यात अधिकार गाजवता येत नाही. या दोन्हींच्या मधल्या पट्टीत ही योजना चालते.

सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. निकालापर्यंत इथले आदेश पाळावेच लागतात?

हो. महाराष्ट्राचा २००४ चा दावा कलम १३१ खाली दोन राज्यांमधला आहे. तो चालू आहे म्हणून घरपट्टीची नोटीस थांबत नाही.

हायकोर्टात कधी जावं?

आधी खात्यातलं अपील. उताऱ्यावरच्या नोंदीची तक्रार असेल तर महसूल कायद्याच्या कलम १३६ खाली आधी प्रांताकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे. हे सोडून थेट रिट, म्हणजे कलम २२६ खाली हायकोर्टात अर्ज, केली तर कोर्ट सहसा परत पाठवतं. नैसर्गिक न्याय मोडला असेल किंवा अधिकारच नसताना आदेश काढला असेल तर अपवाद होतो. धारवाडला खंडपीठ २००८ मध्ये फिरतं म्हणून आलं, २०१३ मध्ये कायम झालं, त्यामुळं बंगळूरची रात्रीची गाडी वाचली. सरकारी नोकरीची प्रकरणं मात्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं जातात.

रिटमध्ये कोर्ट तुमचं बांधकाम नियमात बसतं का, हे सहसा बघत नाही. अधिकाऱ्यानं तुम्हाला ऐकलं का, योग्य कलम वापरलं का, कारणं दिली का, हे बघतं. त्यामुळं बरेचदा निकाल लागतो तो ‘आदेश रद्द, पुन्हा सुनावणी घ्या’ असा. पक्षकार पेढे वाटतो. आणि तोच अधिकारी, या वेळी नोटीस देऊन, कारणं लिहून, तोच आदेश पुन्हा काढतो. म्हणून फेरसुनावणीला जाताना पहिल्यापेक्षा जास्त तयारीनं जावं: लेखी म्हणणं, नकाशा, पावत्या, शेजाऱ्याला दिलेल्या परवानगीची प्रत. या वेळी अधिकारी आदेश जपून लिहिणार असतो.

अर्ज करताना सगळ्यात जास्त काय चुकतं?

पोच न घेणं. त्याखालोखाल, एकाच कागदावर गटार, पाणी, सीमाप्रश्न आणि साहेबांची वागणूक असं सगळं लिहिणं. एक अर्ज, एक मागणी, एक अधिकारी. आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा, कारण अपिलाची मुदत बहुधा तिथूनच मोजतात. आवक विभागात शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, आणि झेरॉक्सला पोस्टाची पावती टाचणीनं नव्हे, स्टेपल करून लावा.